माकुलाची सोळा कोटी वर्षांची शाई: त्यात शाई किती, दगड किती?

नाशिकच्या एका वाचकांनी विचारलं आहे: ‘मुलीने नेटवरची एक जुनी बातमी दाखवली. इंग्लंडमध्ये पंधरा कोटी वर्षांपूर्वीच्या स्क्विडचा जीवाश्म सापडला, त्याच्या पोटातली शाई शाबूत होती आणि शास्त्रज्ञांनी त्याच शाईने त्याचं चित्र काढलं. आमच्याकडे मासळी दोन तास फ्रीजबाहेर राहिली तर वास सुटतो. मग हाड नसलेलं मांस कोट्यवधी वर्षं टिकेलच कसं? ही थाप तर नव्हे? आणि दुसरं, डिसेंबरात कच्छला गेलो होतो. तिथे एका ओढ्यात बोटाएवढा, एका बाजूला पेन्सिलीसारखं टोक असलेला दगड मिळाला. गाइड म्हणाला, ही स्क्विडची शेपटी. खरं का?’

थाप नाही. पण बातमीने दोन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात कोंबल्या आहेत. त्या जीवाश्मात मांस टिकलेलं नाही, मांसाच्या जागी खनिज आहे. शाई मात्र शाईच आहे. एवढं वेगळं काढलं की निम्मं कोडं सुटतं. तुमच्या गाइडचंही बरंचसं बरोबर आहे, त्याच्याकडे शेवटी वळतो. भूविज्ञान शिकवण्यात माझी तीस वर्षं गेली. त्यातला बराच काळ कच्छच्या टेकड्यांत पोरांच्या मागे फिरण्यात आणि राहिलेला जीवाश्मांवरचा चिकटलेला दगड सुईने खरवडण्यात गेला. तेव्हा उत्तर लांबणार.

सुरुवात ओट्यावरून करू. माकूल, म्हणजे आपल्याकडचं स्क्विड, कधी साफ केलं आहे का? डोकं धरून ओढलं की आतडी सगळी एका झटक्यात बाहेर येतात. त्यांना चिकटलेली एक लांबट, चंदेरी पिशवी असते. ती फुटली तर ओटा, बोटं, नळाखालची जाळी सगळं काळंकुट्ट. पाठीच्या आतून एक पारदर्शक काडी निघते, वहीच्या प्लास्टिकच्या कव्हरमधून कापल्यासारखी. बाहूंच्या मध्ये बोट घातलं तर पोपटासारखी चोच लागते. संपलं. बाकीचं सगळं म्हणजे स्नायू आणि पाणी. यातलं दगड होण्याच्या लायकीचं काय आहे, हा तुमचा प्रश्न रास्तच आहे.

मी हे एकदा बघायचं ठरवलं होतं. अलिबागच्या बाजारातून कोळणीकडून ताजी तीन माकुलं आणली, समुद्राचं पाणी आणि थोडी रेती घालून लोणच्याच्या तीन बरण्यांत ठेवली आणि झाकणं सैल लावून बाल्कनीत मांडली. तिसऱ्या दिवशी पाणी गढूळ झालं आणि अंगं फुगून वर आली. सहाव्या दिवशी बाहू गळायला लागले. दहाव्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. मी गच्चीच्या कोपऱ्यात हलवण्याचं कबूल केलं आणि प्रयोग वाचला. दोन महिन्यांनी बरण्या गाळल्या तेव्हा हाती काय लागलं? काडी, जवळजवळ नव्यासारखी. चोच. डोळ्यांची भिंगं, साबुदाण्याच्या दाण्यासारखी. आणि काळा, डांबरासारखा एक गोळा: शाईची पिशवी. मांसाचा मागमूस नव्हता. पण त्या काळ्या गोळ्यावर ओला ब्रश फिरवला तर कागदावर सुरेख तपकिरी-काळी रेघ उमटली.

म्हणजे शाई टिकते यात नवल थोडं कमी आहे. नवल आहे ते मांसाचे ठसे उमटून राहण्याचं. आणि ते कसं होतं याचं उत्तर लोकांना उलटंच वाटतं: मांस कुजलं म्हणून त्याचा दगड झाला.

आपण समजतो की कुजणं आणि जीवाश्म होणं ही एकमेकांची वैरी. हाडं आणि शिंपल्यांच्या बाबतीत ते चालून जातं. मऊ शरीराच्या बाबतीत कुजणं हाच गवंडी. मेलेलं जनावर गाळात रुतलं की जिवाणू त्याच्या आतला आणि आसपासचा प्राणवायू संपवतात. त्यानंतर प्राणवायूशिवाय जगणाऱ्या जिवाणूंचं राज्य सुरू होतं. त्यांच्या उद्योगातून कार्बन डायऑक्साइड आणि सेंद्रिय आम्लं सुटतात, त्यामुळे शरीराच्या आतलं पाणी आंबट होतं. स्नायूंमध्ये फॉस्फरस भरपूर असतो, तो कुजताना मोकळा होतो. कॅल्शियमची समुद्राच्या पाण्यात कमतरता नाही. आता कॅल्शियमला दोन जोडीदार उपलब्ध आहेत, कार्बोनेट आणि फॉस्फेट. पाणी सामान्य असेल तर तो कार्बोनेटशी जमवतो आणि चुनखडी बनते. सामू म्हणजे पीएच सुमारे ६.४ च्या खाली उतरला की कार्बोनेटचं जमत नाही, फॉस्फेटचं जमतं. आणि फॉस्फेटचे स्फटिक इतके बारीक असतात की ते स्नायूच्या एकेका तंतूवर बसतात, त्याचा आकार घेतात आणि तंतू नाहीसा झाला तरी तसेच उभे राहतात. गणपतीच्या मूर्तीचा साचा आठवा. फक्त इथे माती सुकेपर्यंत मूळ मूर्ती विरघळून गेलेली असते.

हे सगळं व्हायला किती काळ लागतो? लाखो वर्षं नव्हे. ब्रिस्टल विद्यापीठात डेरेक ब्रिग्ज आणि अमांडा केअर यांनी १९९० च्या दशकात कोळंबीवर असे प्रयोग केले. बंद भांड्यात, बाहेरचा प्राणवायू येणार नाही अशा बेताने कोळंबी कुजवली तर काही आठवड्यांत तिच्या स्नायूंवर कॅल्शियम फॉस्फेट बसलेलं दिसलं. १९९३ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. पुढे त्याच गटाने स्क्विड आणि त्याचा भाऊबंद कटलफिश कुजवून त्यांचं काय होतं तेही नोंदवलं. माझ्या बरण्यांत दगड का झाला नाही, हेही त्यातून कळलं. सैल झाकणातून हवा आत शिरत होती आणि आंबटपणा टिकत नव्हता. काकूंच्या नाकाचा विचार करून झाकणं घट्ट लावली असती तर कदाचित दोघांचंही भलं झालं असतं.

आता इथे एक गंमत आहे, आणि माझ्या मते या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट तीच. जीवाश्मांच्या संग्रहात जुने अष्टपाद (ऑक्टोपस) आणि त्यांचे नातलग मऊ शरीरासकट बऱ्यापैकी सापडतात, पण खरे स्क्विड जवळजवळ सापडतच नाहीत. ब्रिटनमधल्या थॉमस क्लेमेंट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये याचं एक कारण सुचवलं: अमोनिया. खोल समुद्रातले कितीतरी स्क्विड तरंगण्यासाठी अंगात अमोनियाची संयुगं साठवतात, कारण ती पाण्यापेक्षा हलकी पडतात. महाकाय स्क्विडचं मांस याच कारणाने खाण्यालायक नसतं. आपण तळून खातो ती माकुलं त्या पंथातली नव्हेत, नाहीतर कोकणात कोणी त्यांच्या वाटेला गेलं नसतं. असा स्क्विड मेला की अमोनिया सुटतो, अमोनिया आम्लाला मारतो, सामू वर चढतो आणि फॉस्फेट बसायची वेळच येत नाही. जिवंतपणी ज्या युक्तीने तो तरंगला, तिनेच मेल्यावर त्याला पुसून टाकलं. क्लेमेंट्सचं म्हणणं अजून सगळ्यांनी सगळ्या गटांसाठी मान्य केलेलं नाही, पण मला ते पटतं.

मग तुमच्या बातमीतल्या प्राण्याचं कसं जमलं? कारण तो स्क्विडसारखा होता, स्क्विड नव्हता. तो बेलेम्नाइटांच्या, म्हणजे माकुलांच्या नामशेष नातलगांच्या गोतातला, आणि त्या गोताकडे तरंगण्यासाठी दुसरी सोय होती: अंगाच्या आत पडदे घालून कप्पे केलेला शंकूच्या आकाराचा शिंपला, कप्प्यांत वायू. अमोनियाची गरज नव्हती.

या प्राण्याचं नाव बेलेम्नोथ्यूटिस. ग्रीकमध्ये स्क्विडला ट्यूथिस म्हणतात, त्यामुळे नाव खरं तर बेलेम्नोट्यूथिस असायला हवं होतं. पण १८४२ मध्ये जोसेफ चॅनिंग पिअर्स यांनी नाव दिलं तेव्हा ‘ह’ भलत्या जागी पडला. प्राण्यांच्या नावांच्या नियमांनुसार पहिलं छापलेलं रूप चालू ठेवायचं असतं, म्हणून ही चूक आजतागायत सन्मानाने नांदते आहे. आमच्या शाळेत मास्तरांनी अशी एकही चूक चालवून घेतली नव्हती.

गाव क्रिश्चियन मॅलफर्ड, इंग्लंडच्या विल्टशर परगण्यात, चिपनमजवळ. १८४० च्या सुमारास लंडन ते ब्रिस्टल ग्रेट वेस्टर्न रेल्वेचं काम चालू होतं, मुख्य अभियंता ब्रुनेल. रेल्वेसाठी उपसलेल्या करड्या चिकणमातीत मजुरांना अमोनाइट (चक्राकार शिंपल्याचे प्राणी), मासे आणि हे दहा बाहूंचे प्राणी असे काही सापडले की संग्राहकांची झुंबड उडाली. ही ऑक्सफर्ड क्ले नावाची माती. बातम्यांत तिचं वय १५ कोटी छापलं होतं. तो थर ज्युरासिकमधल्या कॅलोव्हियन कालखंडातला आहे, म्हणजे १६ कोटींहून थोडा जुनाच. मथळ्यांत कोटी-दोन कोटी इकडेतिकडे होतातच, त्याचा राग धरू नका.

आणि मग भांडण लागलं. रिचर्ड ओवेन, ज्यांनी १८४२ मध्ये ‘डायनासोर’ हा शब्द रूढ केला म्हणून तुम्ही नाव ऐकलं असेल, त्यांनी १८४४ मध्ये या नमुन्यांवर निबंध वाचला आणि म्हटलं, हे बेलेम्नाइटचंच मऊ शरीर. गोळीसारखा दगडी शिंपला तर सगळीकडे सापडत होता, आता त्याचा मालकही सापडला. १८४६ मध्ये त्यांना रॉयल सोसायटीचं पदकही मिळालं. पिअर्स यांचं आधीचं काम त्यांनी विचारात घेतलं नव्हतं. जीवाश्मशास्त्रज्ञ गिडिअन मँटेल यांना ते सहन झालं नाही. मँटेल यांचा मुलगा रेजिनल्ड त्याच रेल्वेवर अभियंता होता आणि ट्रोब्रिजजवळच्या खोदकामातून वडिलांना नमुने पाठवत होता. त्यांच्या आधारावर मँटेल यांनी १८४८ मध्ये दाखवलं की हे दोन निराळे प्राणी आहेत. बेलेम्नाइटच्या शेपटीकडे कॅल्साइटची, म्हणजे चुनखडीतल्या खनिजाची, जाड, घन गोळी असते. बेलेम्नोथ्यूटिसच्या शंकूवर फक्त पातळ मुलामा असतो, तोही अॅरागोनाइटचा, म्हणजे त्याच कॅल्शियम कार्बोनेटच्या दुसऱ्या रूपाचा. नमुन्यांत गोळी दिसत नव्हती ती गळून गेली म्हणून नव्हे, मुळात नव्हतीच म्हणून. मँटेल बरोबर होते. पदक ओवेनकडेच राहिलं.

त्यानंतर ही जागा हरवली. खड्डे बुजले, शेतं झाली, आणि नेमका कुठला थर ते कुणालाच सांगता येईना. ब्रिटिश जिऑलॉजिकल सर्व्हेचे फिल विल्बी यांनी या शतकाच्या पहिल्या दशकात जुन्या नोंदी चाळून आणि जमिनीत भोकं पाडून ती पुन्हा शोधली. २००९ च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या गटाने जाहीर केलं की एक दगड फोडल्यावर आत शाईची पिशवी मिळाली. तिचा थोडा भाग त्यांनी अमोनियाच्या द्रावणात घोटला आणि त्या शाईने त्याच प्राण्याचं चित्र काढून खाली त्याचं लॅटिन नाव लिहिलं. तुमच्या मुलीने पाहिलेली बातमी हीच. क्षणात शिळा करणाऱ्या ग्रीक राक्षसिणीवरून अशा झटपट दगड होण्याला शास्त्रज्ञ ‘मेड्युसा परिणाम’ म्हणतात. आपल्याला अहल्या आठवते, फक्त इथे उद्धार करायला विल्बींना ड्रिल मशीन आणावं लागलं.

एवढे प्राणी एकाच थरात का मेले, यावर वेगवेगळे अंदाज आहेत. शैवालांचा उद्रेक होऊन पाणी विषारी झालं, हा त्यातला एक. त्याहून भक्कम गोष्ट म्हणजे तळाचा चिखल. मऊ, सेंद्रिय पदार्थांनी भरलेला आणि प्राणवायूला महाग. तळाशी खेकडे, किडे, मेजवानीला येणारं कोणी फारसं नव्हतं.

त्या थरातल्या चांगल्या नमुन्यांत जे दिसतं ते खरोखर वेड लावणारं आहे. दहा बाहू, साधारण सारख्या लांबीचे. त्यांच्यावर जोडीजोडीने आकड्या, गळाच्या हुकासारख्या वाकलेल्या, काही मिलिमीटर लांब. आजच्या बहुतेक माकुलांना बाहूंवर चूषक, म्हणजे चिकटून धरणाऱ्या वाट्या, असतात, यांच्याकडे आकड्या. पिशवीसारख्या अंगाच्या भिंतीवर स्नायूंच्या आडव्या रेषा. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तर एकेक तंतू सुटा. फॉस्फेटला अतिनील प्रकाशात चमक येते, त्यामुळे अंधाऱ्या खोलीत दिवा लावला की साध्या उजेडात डागासारखं वाटणारं अंग एकदम उजळून उठतं. (हाच दिवा खोटा माल पकडायलाही कामाला येतो. विक्रीला येणाऱ्या अशा जीवाश्मांत गळालेला बाहू रंगाने पुरा केलेला असतो. दिव्याखाली रंग आणि फॉस्फेट वेगवेगळे बोलतात.)

शाईकडे परत येतो, कारण तिथे ‘शाई टिकली’ एवढं म्हणून भागत नाही, ते सिद्ध करावं लागतं. काळा डाग कोळशाचाही असू शकतो. शाईचा शोध काही २००९ चा नाही. डॉर्सेटच्या किनाऱ्यावर लाइम रीजिसला मेरी अॅनिंग ही गरीब घरातली, शाळेत फारसं न गेलेली बाई कड्यांतून जीवाश्म काढून विकायची. १८२० च्या दशकात तिला अशा पिशव्या मिळाल्या. तिची मैत्रीण एलिझाबेथ फिलपॉट हिने ती पूड पाण्यात कालवून चित्रं काढली. १८३३ च्या एका पत्रात तिने याच शाईने इक्थिओसॉरची कवटी रेखाटून पाठवली. चित्रकारांचा ‘सेपिया’ रंग मुळात कटलफिशच्या शाईचाच, आणि सेपिया हे त्या प्राण्याचंच नाव. तेव्हा ती शाई आहे याची खात्री फक्त रंगावरून आणि जागेवरून होती.

रसायनाचा पुरावा २०१२ मध्ये आला. विल्बी, जपानचे शोसुके इतो आणि इतरांनी दोन पिशव्या तपासल्या, एक क्रिश्चियन मॅलफर्डची आणि दुसरी लाइम रीजिसची, अधिक जुनी. शाईतलं रंगद्रव्य म्हणजे यूमेलॅनिन, आपल्या काळ्या केसांत असतं तेच. ते हायड्रोजन पेरॉक्साइडने तोडलं की ठरावीक लहान रेणू सुटतात, दुसऱ्या काळ्या पदार्थातून ते तसे सुटत नाहीत. दोन्ही नमुन्यांतून ते सुटले आणि आजच्या कटलफिशच्या शाईशी ताडून पाहिल्यावर फरक फारसा उरला नाही. सूक्ष्मदर्शकाखाली शाईचे गोल कण, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही बरेच लहान, तसेच्या तसे दिसले. यूमेलॅनिन टिकतं कारण त्याचे रेणू एकमेकांत अशा गुंतागुंतीने विणलेले असतात की पाण्यात विरघळत नाहीत आणि जिवाणूंना त्यांचा धागा सापडत नाही. माझ्या बरणीतला काळा गोळा त्याच जातीचा.

या शाईची एक वाट थेट डायनासोरांपर्यंत जाते. याकोब विंथर यांनी विद्यार्थी असताना जीवाश्म शाईतले हे कण पाहिले, आणि पिसांच्या जीवाश्मात दिसणारे तसलेच कण जिवाणू नसून रंगाचे कण आहेत असं २००८ मध्ये मांडलं. त्यानंतर डायनासोरांच्या पिसांचे रंग सांगता येऊ लागले.

आता थोडा सावधगिरीचा भाग. मऊ शरीराचे जीवाश्म दुर्मीळ आहेत म्हणूनच त्यांच्याबद्दल माणूस लवकर हुरळतो. कॅनडातल्या बर्जेस शेल या खडकातला नेक्टोकॅरिस नावाचा प्राणी घ्या, ५० कोटी वर्षांपूर्वीचा. १९७६ मध्ये एकाच नमुन्यावरून त्याला नाव मिळालं. २०१० मध्ये आणखी नव्वदेक नमुने पाहून तो आद्य माकूल आहे असं म्हटलं गेलं: दोन बाहू, नळी, बाजूचे पंख. पाठ्यपुस्तकांत शिरला. मग उत्तर ग्रीनलंडमध्ये त्याचा नातेवाईक सापडला आणि त्याच्यात मज्जासंस्थेचे असे भाग खनिज होऊन राहिलेले होते जे फक्त बाणकृमींमध्ये, म्हणजे समुद्रातल्या बाणासारख्या बारीक कृमींमध्ये दिसतात. २०२५ मध्ये ते प्रसिद्ध झालं. पंधरा वर्षांचा आद्य माकूल एका रात्रीत बाणकृमींचा पूर्वज झाला. तसंच अमेरिकेतल्या मोंटानाचा ३२ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचा, दहा बाहूंचा सिलिप्सिमोपोडी. तो १९८८ मध्ये टोरोंटोच्या संग्रहालयाला भेट मिळाला आणि २०२२ पर्यंत कपाटात पडून होता. व्हॅम्पायर स्क्विड आणि अष्टपाद यांच्या घराण्यातला सगळ्यात जुना म्हणून तो गाजला, आणि लगेच दुसऱ्या गटाने आक्षेप घेतला की हा त्याच खडकातला, आधीच नाव दिलेला वेगळाच प्राणी आहे. दोघंही तेच ठसे बघत होते. दगडावरची चपटी सावली वाचायची म्हणजे असं होतंच. फ्रान्समधल्या ला वूल्तच्या नमुन्यांचं महत्त्व यासाठी की ते चपटे झालेले नाहीत. २०२२ मध्ये ग्रेनोबलच्या सिंक्रोट्रॉन या प्रचंड यंत्रातल्या प्रखर क्ष-किरणांनी त्यांच्या बाहूंवरचे चूषक आतून-बाहेरून मोजता आले.

आता तुमचा दगड.

कच्छमधला असेल आणि वर्णन तुम्ही दिलं तसंच असेल, तर तो बेलेम्नाइटची गोळी असण्याची शक्यता भरपूर आहे. भूजच्या आसपासच्या ज्युरासिक खडकांत, चारी आणि कटरोल या थरांत, त्या मिळतात. अमोनाइटांसाठी प्रसिद्ध असलेले हेच खडक. शाळिग्रामात जो चक्राकार प्राणी असतो तोच अमोनाइट, आणि त्याचंही मऊ अंग जगभरात बोटांवर मोजण्याइतक्याच नमुन्यांत पाहायला मिळालं आहे. ‘स्क्विडची शेपटी’ म्हणणं ढोबळ मानाने ठीक. गोळी अंगाच्या मागच्या टोकाला, आतल्या बाजूला असायची. पुढचं डोकं आणि बाहू जड, मागचा शंकू वायूने हलका. तराजू सांभाळायला मागे हे वजन.

कच्छमध्ये अशा गोळ्या मिळतात पण अंग का मिळत नाही, तेही आतापर्यंतच्या सांगण्यावरून ध्यानात येईल. तो समुद्र बऱ्याच ठिकाणी उथळ होता. लाटा आणि वादळं तळ ढवळत, शिंपले घासून निघत, गाळात बिळं करणाऱ्यांची वर्दळ. अशा तळाशी हवा खेळती राहते. माझ्या सैल झाकणाच्या बरण्याच त्या. कॅल्साइटची गोळी तेवढी शाबूत राहते. ती इतकी शाबूत राहते की १९५१ मध्ये रसायनशास्त्रज्ञ हॅरॉल्ड यूरी यांनी स्कॉटलंडच्या स्काय बेटावरच्या एका गोळीचे वर्षवळे, म्हणजे वाढीची वर्तुळं, सुटे करून, त्यातल्या ऑक्सिजनवरून त्या प्राण्याने किती उन्हाळे-हिवाळे पाहिले ते मोजलं.

खात्री कशी कराल? हातोडी काढू नका, बहुधा एक टोक आधीच तुटलेलं असेल. तुटलेला भाग ओला करून भिंगातून पाहा. मधल्या ठिपक्यापासून चहूकडे सुटलेले किरण दिसले, सायकलच्या आऱ्यांसारखे, आणि त्यांच्यावर झाडाच्या खोडातल्यासारखी वर्तुळं, तर ती गोळी. जाड टोकाला शंकूच्या आकाराचा खळगा असेल तर प्रश्नच मिटला. त्या खळग्यात कप्प्यांचा शंकू बसायचा. लिंबाचा रस किंवा सौम्य आम्ल टाकलं तर बारीक फेस येतो, पण फेसावर एकट्यावर भिस्त ठेवू नका, चुनखडीलाही येतो.

हे इतकं सांगायचं कारण, महाराष्ट्रातून मला वर्षाकाठी पाच-सहा ‘बेलेम्नाइट’ येतात. पुण्याजवळून, संगमनेरहून, एकदा तर विहिरीच्या खोदकामातून पोतंभर. तसाच बोटाएवढा आकार, तसाच गुळगुळीतपणा. ते लाव्ह्यातले बुडबुडे असतात. दख्खनचा लाव्हा ओल्या जमिनीवरून वाहत गेला की खालून वाफ वर चढते आणि तळाशी उभ्या नळ्या तयार होतात. नंतर त्यांत झिओलाइट, कॅल्साइट किंवा गारगोटी भरते. आजूबाजूचा बेसॉल्ट झिजला की पांढरी बोटं मोकळी होतात. त्यांत आऱ्यांसारखे स्फटिक कधीकधी असतात, पण वर्षवळे आणि शंकूचा खळगा नसतो. पाठवणाऱ्यांचा हिरमोड होतो, माझाही थोडा होतो.

मुलीला हा प्राणी हातात घेऊन दाखवायचा असेल तर कच्छपेक्षा जवळची सोय आहे. पोपटाच्या पिंजऱ्यात अडकवतात तो समुद्रफेस कोकणच्या किनाऱ्यावर वाहून आलेला सहज मिळतो, आयुर्वेदाच्या दुकानातही मिळतो. तो फेस नाही, कटलफिशच्या पाठीतला शिंपला आहे. आडवा मोडा आणि कडेने उजेडात धरा. कागदाच्या पातळ थरांसारखे मजले आणि त्यांच्यामधले बारीक खांब दिसतील. हेच ते वायूचे कप्पे, बेलेम्नाइटच्या शंकूत होते तसे, फक्त दाबून सपाट केलेले. मागच्या टोकाला नखाने चाचपलंत तर एक छोटा काटा लागेल. वाळूत घासून तो बरेचदा मोडलेला असतो, म्हणून दोन-तीन समुद्रफेस तपासा. तुमच्या दगडाचा आजच्या प्राण्यातला जुळा म्हणायचा तर तो काटाच.

दगड कसा ठेवायचा, एवढं राहिलं. नुसती कॅल्साइटची गोळी असेल तर फार जपावं लागत नाही, धुवा आणि डबीत ठेवा. तिला पितळेसारखी चमक असलेलं काही चिकटलं असेल तर ते पायराइट आहे, आणि मग पावसाळा सांभाळा. माझ्या टेबलाच्या खणातला एक पायराइटचा अमोनाइट दोन पावसाळ्यांत पांढऱ्या पुडीचा ढीग झाला. दमट हवेत पायराइटचं आम्ल होतं आणि ते डबीखालचा कागदही खातं. घट्ट झाकणाच्या डबीत सिलिका जेलची पुडी टाका आणि जुलैत ती बदला. आत चिठ्ठीवर गावाचं नाव, ओढा, तारीख लिहा. ती चिठ्ठी नसेल तर माझ्यासारख्याला त्या दगडाचा काही उपयोग नाही. आणि फोटो पाठवाल तेव्हा टोकदार बाजूचा नको. तुटलेल्या टोकाचा पाठवा, ओला करून, शेजारी पट्टी ठेवून.